प आणि ण

आमच्या शाळेत नवी शिक्षिका आली, की पहिले पंधरा दिवस तिला बाईंच्या वर्गात नुसतं बसवून ठेवत. मलाही बसवलं. पहिल्याच सकाळी बाईंनी एका मुलीला विचारलं, "आज बरं वाटतंय का गं?" आणि त्या थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. मुलगी चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, मान एका बाजूला कललेली, हात छातीशी आखडलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. चेहऱ्यावर हसू होतं. मला ती शांतता सोसेना. मी म्हटलं, "बरं वाटतंय तिला. हसतेय ना."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला, चौकात वाहनं थांबवतात तसा. आणखी बराच वेळ गेला. मग मुलीनं डोळे घट्ट मिटले. त्या वर्गात वर बघणं म्हणजे हो आणि डोळे मिटणं म्हणजे नाही. पुढच्या दहा मिनिटांत कळलं की तिची दाढ तीन दिवस ठणकत होती, आणि मला जे हसू वाटलं ते कळ सोसताना ताणलेले ओठ होते.

मला स्वतःची लाज वाटली आणि बाईंचा रागही आला. नंतर त्यांच्या शेजारच्या वर्गात मी अकरा वर्षं शिकवलं. त्यांची हकिकत मला कळली ती पार शेवटी, आणि तीसुद्धा त्यांनी एकदाच सांगितली.

बाईंना एक भाऊ होता, दोन वर्षांनी मोठा. जन्माच्या वेळी तो अडकला आणि निळा पडूनच बाहेर आला. जीव वाचला, पण मेंदूला झालेली इजा कायमची. त्याला बसता येत नव्हतं, हातात काही धरता येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. घशातून दोनच आवाज निघायचे, एक 'आं' आणि एक 'ऊं'. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्याचा पलंग. वडील काचेच्या दुकानात कारागीर होते. तावदानं, आरसे, तसबिरींच्या काचा कापायचे. आई घरी शिवणकाम करायची. त्याला सगळे दादा म्हणत, आईवडीलसुद्धा. आणि बाईंना म्हणत चिमी.

चिमी दीड वर्षाची झाली आणि बोलायला लागली, ती दोघांचं मिळून बोलायला लागली. दादानं 'ऊं' केलं की मशीनवरून मान न उचलता आई विचारायची, काय गं म्हणतोय? चिमी सांगायची, कूस बदला म्हणतोय. आणि कूस बदलली की तो गप्प व्हायचा. पाचसहा वेळा असं झाल्यावर घरात पक्कं झालं की दादाचं चिमीला कळतं. आईला कळत नव्हतं, वडिलांना कळत नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच. सात वर्षांची पोर डॉक्टरांसमोर पाय हलवत बसायची आणि दादाच्या तब्येतीचा पाढा वाचायची.

तिनं या हुद्द्याचा फायदाही घेतला. दादाला पावावर साखर हवीय म्हणायची, आणि दोघांच्याही पावावर साखर पडायची. दादाला रेडिओवरची गाणी ऐकायचीत, बातम्या नकोत. शेजारच्या काकू येऊन तासन्‌तास बसत. एकदा त्यांनी लाडानं विचारलं, दादा माझ्याबद्दल काय म्हणतो गं? चिमी म्हणाली, "तो म्हणतो, काकूंच्या घरी खुर्च्या नाहीत का?" आई ओशाळली, काकू हसल्या, आणि दादा पलंगावर अख्खा थरथरत हसला. त्याचं हसणं मात्र त्याचं स्वतःचं होतं. त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नसे.

ती अभ्यास त्याच्याच पलंगावर करायची, मोठ्यानं वाचत, ओळीखाली बोट फिरवत. तो कुशीवर पडून पुस्तकाकडे बघायचा. वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र ती वाचून दाखवायची, आणि कधीकधी शेवटच्या ओळीपर्यंत ती पोचायच्या आधीच तो हसायचा. तिला वाटायचं, माझ्या आवाजाला हसतोय. घरात कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

ती सतरा वर्षांची असताना एक पोक्त बाई तीन जिने चढून घरी आल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा मुलांसाठी एक शाळा होती, तिथल्या त्या मुख्य. दवाखान्यातून पत्ता मिळाला म्हणाल्या. शाळेची गाडी येऊन घेऊन जाईल, संध्याकाळी आणून सोडेल, महिनाभर पाठवून तर बघा. आईनं चहा ठेवला. वडील त्या दिवशी घरीच होते. दोघांनीही सवयीनं चिमीकडे बघितलं. पण त्या बाई उठून पलंगाशी गेल्या, खाली वाकल्या आणि दादालाच म्हणाल्या, "तुला यायचंय का आमच्याकडे?"

आणि त्या थांबल्या. चिमीला ते विचित्र वाटलं. पाहुण्या बाई एका प्रश्नावर अशा वाकून उभ्या राहतात म्हणजे काय. ती म्हणाली, "नको म्हणतोय. त्याला अनोळखी माणसांची भीती वाटते."

"मी त्याला विचारलं होतं," त्या बाई म्हणाल्या.

"तोच बोलतोय. मी नुसतं सांगतेय."

तेवढ्यात दादानं आवाज केला. आधी 'आं', मग त्याहून मोठा, मग सलग. अंग कमानीसारखं ताठ झालं, चेहरा लाल झाला. आई धावत आली आणि छाती चोळायला लागली. चिमी म्हणाली, बघा, नकोच म्हणतोय, उगाच त्रास होतो त्याला. त्या बाईंनी आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मशीनवर एक चिठ्ठी ठेवली आणि गेल्या. नंतर दोन दिवस दादानं घास घेतला नाही. चिमीनं सांगितलं, पोट बिघडलंय म्हणतोय.

मला हे सांगताना बाई म्हणाल्या, की त्या वेळी आपण खोटं बोलतोय असं त्यांना अजिबात वाटलं नव्हतं. दादाला नको आहे हे त्यांना मनापासून कळलं होतं. फक्त त्या कळण्याच्या खाली कुठेतरी हेही होतं, की तो सकाळी गाडीत बसून गेला तर दिवसभर त्या घरात माझं काय काम?

शाळा संपल्यावर चिमी तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली, काजं-बटणांच्या मशीनवर. तिच्या विसाव्या वर्षी थंडी फार पडली. दादा सारखा कण्हायला लागला. श्वास जलद चालायचा, गिळताना ठसका लागायचा. चिमी कामावरून आली की आई विचारायची आणि ती सांगायची, थंडी वाजतेय म्हणतोय. मग एकावर एक पांघरुणं पडायची. पुढे तो तोंड फिरवायला लागला. रुसलाय, चिमी म्हणाली, मी दिवसभर बाहेर असते ना म्हणून. संध्याकाळी ती स्वतः भरवायला बसायची. दुधात भिजवलेला पाव, गोंजारून, नाक दाबून, एकेक घास.

एका सकाळी त्याचे ओठ जांभळे दिसले. वडिलांनी त्याला पाठीवर घेतलं, आईनं चादरीनं दोघांना बांधलं, आणि ते तीन जिने उतरले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, की याचं अन्न पोटात न जाता फुफ्फुसात उतरतंय, बरेच दिवस. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे. आधी का आणलं नाही?

तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीही नाही, अशी ताकीद मिळाली. नाकातून नळी घातली. गिळणं तपासायला एक तरुण डॉक्टरीण येत असे. वाचा आणि गिळणं हे तिचं काम, म्हणून वॉर्डातले पेशंट तिला जिभेच्या बाई म्हणत. तिनं दादाचा गळा चाचपला, जीभ बघितली, आणि मग त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "ऐक. हो असेल तर वर बघ. नाही असेल तर डोळे मीट. कळलं?"

चिमी म्हणाली, "त्याला असं काही..."

जिभेच्या बाईंनी मागे न बघता हात वर केला. सगळे थांबले. खाटेजवळच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता. चिमीनं नंतर कितीदा तरी तो वेळ मोजून बघितला. दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त नसेल. मग दादानं वर बघितलं.

ही तुझी आई का, असं चिमीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं. त्यानं डोळे मिटले, आणि ऑक्सिजनच्या मास्कच्या आत तो हसला. दुखतंय? वर. त्यांनी डोक्यापासून एकेक जागेवर बोट ठेवलं. उजव्या बरगडीवर आल्यावर डोळे वर गेले. चार दिवस झाले? मिटले. आठवडा? मिटले. जास्त? वर. एकेक दिवस वाढवत त्या अकरावर थांबल्या. चिमी भिंतीला टेकून उभी होती. अकरा दिवसांत आपण काय काय सांगितलं ते तिला ओळीनं आठवत गेलं.

दुसऱ्या दिवशी जिभेच्या बाईंनी एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन आणली. काचेसारखी स्वच्छ, मधोमध चौकोनी खिडकी कापलेली, कडेनं सहा ठिकाणी मुळाक्षरांचे गट लिहिलेले. ती दोघांच्या मध्ये उभी धरायची. समोरचा ज्या गटाकडे बघेल त्या गटातली अक्षरं एकेक करून वाचायची, हव्या त्या अक्षराला तो वर बघणार. काना, मात्रा, वेलांटी काही नाही. नुसती अक्षरं. बाकीचं समजून घ्यायचं.

त्यांनी विचारलं, तुला अक्षरं येतात? आई हळूच म्हणाली, की तो कधी शाळेत गेलाच नाही. दादानं वर बघितलं.

पहिला शब्द यायला पंधरा मिनिटं लागली. उ. मग श. जिभेच्या बाई म्हणाल्या, उशी? वर. उशी हवी? त्यानं डोळे मिटले. त्यांनी डोक्याखालची उशी काढून घेतली. त्याची मान सैल झाली, आणि त्यानं असा श्वास सोडला की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं. ती जाड उशी घरून आणली होती. दादाला उंच उशी लागते, हे चिमीनं पाच वर्षांची असताना सांगितलं होतं.

तो बोलतो हे कळल्यावर आईनं त्याला एकच गोष्ट विचारली, की तुला कधी माझा राग आला का रे. त्यानं लगेच डोळे मिटले. वडिलांना काही विचारणं झालं नाही. ते पायांशी बसून त्याची पावलं चोळत राहिले. चिमीची हिंमत तिसऱ्या दिवशी दुपारी झाली. आईवडील औषधं आणायला खाली गेले होते. तिनं विचारलं, "त्या शाळेच्या बाई आल्या होत्या बघ. तुला जायचं होतं का?"

त्यानं वर बघितलं. आणि डोळे तसेच वर ठेवले, तिला नीट दिसावं म्हणून.

"मी नको म्हटलं."

वर.

"तुला माझा राग आला."

वर.

 तेवढ्यात दादाची नजर कपाटावर ठेवलेल्या फिल्मकडे गेली. तिनं ती उचलली आणि मध्ये धरली. पहिलं अक्षर आलं, प. मग पुष्कळ वेळानं दुसरं आलं, ण. मग त्याची नजर पुन्हा फिल्मवर फिरायला लागली, पण ती कुठे ठरेना. त्याला खोकल्याची उबळ आली, यंत्र वाजायला लागलं, नर्स धावत आली आणि तिनं चिमीला बाहेर काढलं. भेटायची वेळ संपली होती. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेला.

आईला हे सांगितल्यावर आईनं 'पण' हा शब्द उराशी धरला. तिचं म्हणणं, त्याला म्हणायचं होतं, राग आला, पण तू माझी लाडकी आहेस. काकू म्हणाल्या, पण आता मी माफ केलं. येईल तो माणूस त्या 'पण'च्या पुढे आपापलं काहीतरी जोडून जायचा, चिमीला बरं वाटावं म्हणून. त्याला जाऊन आठवा दिवस होता. ती म्हणाली, "आई, त्याच्या तोंडात शब्द घालू नकोस. ते मी केलं तेवढं पुरे झालं."

कारखान्यात ती परत गेली ती फक्त राजीनामा द्यायला. शाळेच्या बाईंनी तेव्हा शिवणाच्या मशीनवर ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी आईनं जपून ठेवली होती. ती घेऊन चिमी त्या शाळेत गेली. मुख्य बाईंनी तिला ओळखलं आणि भाऊ कसा आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, गेला. मग इथे का आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. त्या नेहमीसारख्या थांबल्या. बऱ्याच वेळानं चिमी म्हणाली, "तुम्ही थांबता ना, ते मला शिकायचंय."

दोन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन ती त्याच शाळेत लागली, आणि तिथून पुढे सगळ्यांच्या बाई झाली.

एक्स-रेच्या फिल्म उन्हानं वाकायच्या आणि पिवळ्या पडायच्या. बाईंनी घरी जेवताना हे सहज बोलून दाखवलं. भाऊ गेल्यापासून वडील जवळजवळ बोलत नव्हते. त्यांनी ताट बाजूला केलं, टेप आणला आणि मापं विचारली. चार दिवसांनी काचेचा पहिला फलक तयार झाला. मधली खिडकी काच कापायच्या हिरकणीनं काढलेली, सगळ्या कडा दगडावर घासून घासून अशा गुळगुळीत केलेल्या, की गालाला लावल्या तरी ओरखडा येणार नाही. फलक जड होता. तो धरून बाईंचे खांदे भरून यायचे. पण त्यांनी वडिलांना तसं कधी सांगितलं नाही. वडिलांनी असे अकरा फलक केले. नंतर प्लॅस्टिकचे पत्रे मिळायला लागले, तेही तेच कापायचे. स्वतः आणून द्यायचे आणि दारातूनच परत फिरायचे, वर्गात कधी येत नसत.

एकदा एका मुलीनं त्यांच्याकडे बघत फलकावर दोन अक्षरं काढली, आ आणि त. बाईंनी वडिलांना सांगितलं, ती तुम्हाला आत बोलावतेय. ते चपला काढून आत आले आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसले. ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि ते खाली बघत राहिले. मग ते उठून नळाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. त्यानंतरही ते फलक आणत राहिले, पण दारातूनच.

बाई उत्तम शिकवत. आमच्याकडची मुलं जास्त जगत नाहीत. छातीचा एखादा आजार येतो आणि घेऊन जातो. पण त्यांच्या हाताखालून गेलेली बरीच मुलं जायच्या आधी काहीतरी बोलून गेली. पहिल्यांदा बोलता आलं की ती बहुतेक रागच काढत. एकानं आईला सांगितलं, माझ्याशी बाळासारखं बोलू नका. एकीनं सांगितलं, निळा फ्रॉक नको, आणि तिला सहा वर्षं निळेच फ्रॉक घालत होते. पालक रडायचे, बाईंशी भांडायचे. बाई ऐकून घेत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एक नवी मुलगी आली होती. एका दुपारी तिनं फलकावर प काढला, मग ण.  त्या म्हणाल्या, "पण? पण काय?" आणि पुढच्या अक्षराची वाट बघत राहिल्या. मुलगी काही काढेना. त्या थांबल्या. मुलगी रडायला लागली, मग किंचाळायला लागली. शेवटी आया पेला घेऊन आली आणि म्हणाली, बाई, ती पाणी मागतेय.

बाईंनी सांगितलं, की त्या दिवशी उरलेले तास त्यांनी कसे घेतले ते त्यांना आठवत नाही. सहा वर्षं त्या 'पण'शी झगडत होत्या. दादानं काहीतरी सांगायला घेतलं होतं आणि ते अर्धं राहिलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि आता कळलं, की कदाचित ते अर्धं नव्हतंच. तीन दिवस तोंडात थेंब न गेलेला माणूस बहिणीकडे घोटभर पाणी मागत होता, आणि बहीण समोर उभी राहून आपल्याला माफी मिळतेय का याची वाट बघत होती. यातलं खरं कुठलं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी घरी कुणाला सांगितली नाही. वडील गेले तेव्हाही नाही. आई पुढे पुष्कळ जगली. शेवटच्या आजारात ती दादाच्याच पलंगावर असायची. एका दुपारी तिनं बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "चिमे, एवढी पोरं शिकवलीस. आता तरी सांग ना. पण म्हणून तो पुढे काय म्हणणार होता?"

"मला माहीत नाही गं आई."

"तुला कळायचं सगळं. लहानपणापासून तुलाच कळायचं."

 आईनं हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ती गेली. "एक वाक्य हवं होतं तिला," बाई मला म्हणाल्या. "मी लहानपणी दिवसाला पन्नास वाक्यं तयार करत होते. तिच्यासाठी एक करायला काय झालं होतं मला?"

हे सगळं त्यांनी मला सांगितलं, त्याच्या थोडे दिवस आधी त्यांच्या वर्गात दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली बारा वर्षांची, चाकाच्या खुर्चीत. धाकटी नऊ वर्षांची, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा चालू. ताईला गरम होतंय, ताईला हे चित्र आवडलं, ताई म्हणते ही शाळा छान आहे. मला वाटलं, आता बाईंचा हात वर जाणार. पण त्या धाकटीकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी तिला फलकाच्या या बाजूला बसवलं, थोरलीची नजर कशी वाचायची ते शिकवलं, आणि रोज तासभर तेच करून घेतलं.

तीन आठवड्यांनी धाकटी एकदम म्हणाली, "बाई, मी आजपर्यंत ताईचं चुकीचं सांगितलं असेल तर?"

बाई म्हणाल्या, "तिलाच विचार."

धाकटीनं विचारलं. थोरलीनं वर बघितलं. धाकटीचा चेहरा पडला. मी पुढे होणार होते, पण बाई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून मीही थांबले. डोळे पुसून धाकटीनं विचारलं, "तू रागावलीयस माझ्यावर?" थोरली तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, घट्ट, आणि उघडले, आणि पुन्हा मिटले.

बाई बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या व्हरांड्यात मुलांच्या बुटांच्या मांडणीपाशी उभ्या होत्या आणि बूट जोडीनं लावत होत्या, जे आधीच जोडीनं लावलेले होते. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. समारंभ नको म्हणत होत्या, पण तो झालाच. एका पाहुण्यांनी भाषण केलं. त्यांना भावाचं थोडंफार कुणीतरी सांगितलं असावं. ते म्हणाले, की बाईंचा भाऊ आज जिथे असेल तिथून हे सगळं बघत असेल, आणि बहिणीनं आपल्या दुःखाचं सोनं केलं म्हणून त्याला धन्य वाटत असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई उठल्या. त्या काही बोलणार नाहीत असं आधी ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "माफ करा. त्याला काय वाटत असेल ते तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही." आणि त्या खाली बसल्या.  कुणीतरी घाईघाईनं चहा आणायला सांगितलं.

त्यांना घरी सोडायला मीच गेले. तीन जिने चढायला त्यांना आता वेळ लागतो. दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या. मी विचारलं, "दमलात का?" आणि उत्तर येईपर्यंत काही बोलले नाही.